दीव: दोन कर्जांची कथा

पालिताण्याची यात्रा आटोपली की महाराष्ट्रातील बहुतेक यात्रेकरू भावनगर किंवा अहमदाबादमार्गे घरचा रस्ता धरतात. शत्रुंजय उतरून दक्षिणेकडे, समुद्राच्या दिशेने वळणारे थोडे. वास्तविक तळाजा, महुवा, राजुला आणि उना या गावांवरून जाणारा किनाऱ्याचा महामार्ग सुमारे दोनशे किलोमीटरांच्या प्रवासात अशा एका शहरापाशी नेतो, ज्याचा इतिहास व्यापारी घराण्यांनी मुद्दाम जाणून घ्यावा. ते शहर म्हणजे दीव. १५३५ पासून १९६१ पर्यंत, म्हणजे सव्वाचारशे वर्षे, हे बेट पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. आज ते दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव या केंद्रशासित प्रदेशाचा एक जिल्हा आहे. सुट्टीसाठी येणारे पर्यटक नागवा किनाऱ्यावर दोन दिवस घालवतात, किल्ल्याची छायाचित्रे काढतात आणि परततात. वहीखात्यात आयुष्य गेलेल्या माणसाला मात्र या शहरात आणखी बरेच काही दिसते.

पुण्यातील चार शाळासोबती गेल्या हिवाळ्यात या वाटेने गेले. एक रविवार पेठेतील कापडाचे घाऊक व्यापारी, दुसरे मार्केट यार्डातील भुसाराचे आडते, तिसरे करसल्लागार आणि चौथे इतिहासाचे निवृत्त शिक्षक, ज्यांना बाकीचे तिघे मास्तर म्हणतात. चौघांनीही साठी ओलांडलेली. मोटारीने सुरत, वडोदरा, भावनगर असा मुक्काम करीत ते पालिताण्यास पोहोचले. हजिऱ्याहून घोघ्याला मोटारीसह नेणारी बोट असते. ती घेतली असती तर खंबातच्या आखाताचा मोठा वळसा वाचला असता, परंतु कापडवाल्या शेठना बोट लागते. त्यामुळे समुद्राच्या जोरावर उभे राहिलेले बंदर पाहायला चौघे जमिनीच्या वाटेने गेले.

हुंडीवरचा अश्रू

शत्रुंजयावरील सर्वांत उंच टूंक चौमुखजीची. सतराव्या शतकात उभी राहिलेली ही टूंक सवा-सोमाची टूंक म्हणूनही ओळखली जाते. तिच्या मागची कथा श्रावकांच्या घरोघरी सांगितली जाते. वंथळीच्या सवचंद शेठांची गलबते समुद्रात अडकली आणि नेमक्या त्याच वेळी एका ठेवीदाराने आपली रक्कम मागितली. घरात रोकड नव्हती. अब्रू जाण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी अहमदाबादच्या सोमचंद शेठांच्या नावाने हुंडी लिहिली. त्या पेढीशी त्यांचे खाते नव्हते, ओळखही नव्हती. लिहिताना डोळ्यांतील पाणी कागदावर पडले. हुंडी अहमदाबादला पोहोचल्यावर मुनीमांनी वह्या चाळल्या, सवचंदांचे नाव कोठेच सापडेना. सोमचंद शेठांनी कागद हातात घेतला, पुसटलेली शाई पाहिली आणि रक्कम खर्च खात्यास लिहून हुंडी सकारली. पुढे गलबते सुखरूप आली आणि सवचंद मुद्दल-व्याज घेऊन अहमदाबादला गेले. तेव्हा सोमचंदांनी सांगितले की, वहीत आपल्या नावे काही येणे नाही, मग आम्ही घ्यावे कसे? दोघेही रक्कम ठेवून घेईनात. अखेर ती शत्रुंजयावरील मंदिरासाठी लागली, असे परंपरा सांगते.

दर्शन करून पायऱ्या उतरताना करसल्लागार म्हणाले, "गोष्ट सुंदर आहे, पण हिशेबाच्या दृष्टीने चूक आहे. खाते नाही, जामीन नाही आणि रक्कम खर्चाला टाकली." आडते म्हणाले, "तारण होते की. कागदावरचा तो डाग." शेठ या संभाषणात भाग न घेता उतरत राहिले. त्याचे कारण दुसऱ्या दिवशी महुव्यात कळले.

किनाऱ्याचा रस्ता

पालिताण्याहून निघाल्यावर तळाज्याचा डोंगर लागतो. त्याच्या अंगावर प्राचीन लेणी आहेत आणि वर जिनमंदिरे आहेत. पुढे महुवा. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माची बाजू मांडणारे वीरचंद राघवजी गांधी यांचे हे जन्मगाव. येथे चहासाठी थांबले असताना शेठच्या मुलाचा दूरध्वनी आला. तालुक्याच्या गावातील एका किरकोळ कापड दुकानदाराकडे मोठी रक्कम थकली होती. तीस वर्षांचे गिऱ्हाईक. आजवर शब्दावर माल जात होता आणि शब्दावर पैसे येत होते. गेली अडीच वर्षे मात्र विचारणा केली की "थोडे थांबा" एवढेच उत्तर येई. मुलाने वकिलाकडून नोटीस तयार करून घेतली होती आणि त्याला वडिलांचा होकार हवा होता.

"तीन वर्षांची मुदत मार्चमध्ये संपते," करसल्लागारांनी बजावले. "त्यानंतर दावा लावता येणार नाही. नोटीस जाऊ दे." शेठनी मुलाला चार दिवस थांबायला सांगितले. विषय तेवढ्यावर थांबला, पण पुढच्या प्रवासात तो चौघांच्याही मनात राहिला.

उन्याला पोहोचेपर्यंत दुपार झाली. अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून १५८३ मध्ये फत्तेपूर सिक्रीला गेलेले जगद्गुरू आचार्य हीरविजयसूरी यांनी १५९५ मध्ये याच उन्यात देह ठेवला. गावाजवळ त्यांचे समाधिस्थान आहे. उन्यापासून जवळच अजाहरा पार्श्वनाथाचे प्राचीन तीर्थ. उना, अजाहरा, देलवाडा आणि दीव ही स्थाने अजाहराच्या पंचतीर्थीत गणली जातात, त्यामुळे दीव हे श्रावकाला परके नाही. खुद्द दीवमध्ये नवलखा पार्श्वनाथाचे देरासर आहे. ज्या वर्षांत सूरीजी या प्रदेशात विहार करीत होते, त्या वर्षांत खाडीपलीकडे पोर्तुगीजांचा किल्ला उभा होता आणि समोरून जाणाऱ्या गलबतांकडे परवाना मागितला जात होता.

बेटावर

देलवाडा मागे टाकून घोघल्याला आले की खाडी दिसते. घोघला हा दीव जिल्ह्याचा मुख्य भूमीवरील भाग. पूल ओलांडला की बेट. खाडीच्या मुखाशी पाण्यातच पाणीकोठा नावाचा लहानसा दुर्ग आहे आणि त्याच्या पलीकडे, बेटाच्या पूर्व टोकावर, मुख्य किल्ला. जुन्या शहराला पश्चिमेकडून तट आहे आणि त्यात झांपा दरवाजा. आतील गल्ल्या अरुंद आहेत. घरांचे कोरीव लाकडी सज्जे गुजराती पद्धतीचे, तर काही दर्शनी भिंतींवरील चुन्याचे नक्षीकाम युरोपीय वळणाचे. नगरशेठची हवेली या गल्ल्यांतच आहे. सेंट पॉल चर्चचे बांधकाम सतराव्या शतकाच्या आरंभीचे. तेथे आजही प्रार्थना होते. सेंट थॉमस चर्चमध्ये आता संग्रहालय आहे.

किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आणि शहराच्या बाजूने खडकात खोदलेला खंदक आहे. बुरुजांवर तोफा अजून तशाच समुद्राकडे तोंड करून आहेत. एका बुरुजावर बसून मास्तरांनी इतिहास सांगितला.

पोर्तुगीज येण्यापूर्वी दीव हे गुजरातच्या सुलतानांचे भरभराटीचे बंदर होते. मलिक अयाझ या कर्तबगार सुभेदाराने ते नावारूपाला आणले. तांबड्या समुद्रापासून मलाक्क्यापर्यंतची गलबते येथे लागत. १५०८ मध्ये आपल्या कोकणातील चौलजवळ झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदा याचा मुलगा मारला गेला. त्याचा सूड म्हणून आल्मेदाने ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवसमोर इजिप्त आणि गुजरातच्या संयुक्त आरमाराचा पराभव केला. तरीही शहर हाती आले नाही. ते आले हुमायूनच्या स्वारीमुळे. त्या संकटात सुलतान बहादूरशहाने मदतीच्या आशेने आधी १५३४ मध्ये वसई दिली आणि १५३५ मध्ये दीवला किल्ला बांधण्याची परवानगी दिली. दोन वर्षांनी, १५३७ मध्ये, पोर्तुगीज गव्हर्नरची जहाजावर भेट घेऊन परतताना झालेल्या झटापटीत तो दीवच्या पाण्यातच मारला गेला. किल्ला मात्र राहिला.

दाढीचे केस

१५३८ मध्ये तुर्की आरमाराने आणि १५४६ मध्ये गुजरातच्या सैन्याने किल्ल्याला वेढा घातला. दुसरा वेढा अनेक महिने चालला. गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याचा तरुण मुलगा फर्नांदो त्यात मरण पावला. नोव्हेंबरात कास्त्रो स्वतः फौज घेऊन आला आणि वेढा मोडला, पण तोवर तट ढासळले होते आणि खजिना रिकामा होता. त्याने गोव्याच्या नगरसभेला पत्र लिहून वीस हजार पार्दाव कर्ज मागितले. पार्दाव हे त्या काळचे नाणे. तारण काय द्यावे हा प्रश्न होता. मुलाच्या अस्थी गहाण ठेवण्याचा त्याचा विचार होता, परंतु दफनाला थोडेच दिवस झाले असल्याने ते शक्य नव्हते. सोने-चांदी, जमीनजुमला काही नाही, असे कळवून त्याने आपल्या दाढीचे केस कापून पत्रासोबत पाठवले. गोव्याच्या नागरिकांनी रक्कम दिली आणि केस सन्मानाने परत केले.

"मिशीचा केस गहाण ठेवून कर्ज घेतल्याच्या गोष्टी आपल्याकडेही आहेत," आडते म्हणाले. "म्हणजे पालिताण्यात अश्रू आणि इथे दाढी. दोन्ही ठिकाणी तारणाची बाजारात किंमत शून्य, आणि दोन्ही कर्जे मिळाली."

"फरक पैसे कुठे गेले यात आहे," मास्तर म्हणाले. "सोमचंदांच्या पैशाने आधी एका माणसाची अब्रू राहिली आणि नंतर मंदिर झाले. कास्त्रोच्या पैशाने हे तट उभे राहिले. त्याच मोहिमेत त्याच्या लोकांनी घोघ्यासारखी किनाऱ्यावरची बंदरे जाळली."

तट उभे राहिले आणि त्यांच्या आधाराने पोर्तुगीजांनी परवान्याची पद्धत राबवली. कार्ताझ नावाच्या या परवान्याशिवाय समुद्रात सापडलेले गलबत जप्त होई. परवान्याची फी फारशी नसे. खरी अट अशी की, गलबताने जाता-येता दीवसारख्या पोर्तुगीज बंदरात थांबावे आणि तेथे जकात भरावी. ज्या समुद्रावर पिढ्यान् पिढ्या शब्दावर आणि हुंडीवर व्यापार चालला, तेथे आता तोफेच्या धाकाने कागद दाखवावा लागे. दीवची जकात ही पोर्तुगीज राज्याच्या उत्पन्नाची एक मोठी बाब झाली. परंतु सतराव्या शतकात सुरतेचे बंदर वर आले, व्यापार तिकडे सरकू लागला. १६६८ मध्ये ओमानी अरबांनी दीव लुटले. इतक्या खर्चाने बांधलेल्या किल्ल्याला शहर वाचवता आले नाही.

महाजन आणि मोझांबिक

पुढची गोष्ट करसल्लागारांना सर्वांत विलक्षण वाटली. ज्यांच्याकडून जकात घेतली त्याच वाण्यांवर पोर्तुगीजांना पुढे अवलंबून राहावे लागले. १६८६ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने दीव आणि आफ्रिकेतील मोझांबिक यांच्यामधील व्यापाराचा मक्ता दीवच्या व्यापाऱ्यांच्या मंडळाला दिला. पोर्तुगीज कागदांत या मंडळाचे नाव ‘माझानेस’ असे येते, ते आपल्या महाजन या शब्दाचेच रूप. १७७७ पर्यंत, म्हणजे नव्वदहून अधिक वर्षे, हा मक्ता चालला. मक्ता संपल्यावरही दीवचे वाणी मोझांबिकच्या बाजारात राहिले. गुजरातेत, विशेषतः जंबुसरच्या परिसरात, आफ्रिकेतील गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे कापड विणवून घेतले जाई. ते मोझांबिकला उधारीवर दिले जाई, तेथून ते आतल्या मुलुखात जाई आणि मोबदला येईपर्यंत महिने लोटत. एवढी लांबलचक उधारी पेलण्याची ऐपत पोर्तुगीज व्यापाऱ्यांत नव्हती. ती वाण्यांच्या पेढ्यांत होती.

कापडवाले शेठ हे ऐकून खुलले. आपल्याच धंद्याची ही जुनी शाखा, असे त्यांना वाटले. मास्तरांनी पुढचे वाक्य जरा थांबून सांगितले. कापडाच्या बदल्यात येणारा मुख्य माल हस्तिदंत होता. तो दीवला उतरून सुरत, कच्छ आणि अन्यत्र जाई आणि त्याच्या बांगड्या होत. लहान प्रमाणात का होईना, त्या जहाजांतून आफ्रिकेतील माणसेही गुलाम म्हणून आणली जात. हा व्यापार करणाऱ्या वाण्यांत वैष्णव होते, तसे जैनही होते.

काही वेळ कोणी बोलले नाही. श्रावकाच्या सातव्या व्रतात जी पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत, त्यांत दंतवाणिज्य आहे आणि केशवाणिज्यही आहे. पहिले हस्तिदंतासारख्या प्राण्यांच्या अवयवांच्या व्यापाराबद्दल, दुसरे दास-दासी व पशूंच्या विक्रीबद्दल. अतिचार आळोवताना ही नावे दरवर्षी संवत्सरी प्रतिक्रमणात उच्चारली जातात. ती जेव्हा रचली गेली तेव्हा हा माल बाजारात होता म्हणूनच रचली गेली, हे पाठ म्हणताना सहसा ध्यानात येत नाही.

"वह्या चोख होत्या, शब्द पाळला जात होता, म्हणून तर परक्या राजवटीने मक्ता दिला," करसल्लागार म्हणाले.

"चोख वहीत काय लिहिले आहे तेही पाहायला हवे ना?" आडते म्हणाले. "हत्ती मारल्याशिवाय दात येत नाही. शब्दाचा पक्का असणे हा निम्मा धर्म झाला. माल कोणता आणि तो कोणाच्या जिवावर आला, हा उरलेला निम्मा."

"तेव्हा सगळेच करत होते."

"म्हणूनच तर व्रत घ्यायचे असते. कोणीच करत नसते तर व्रताची गरज काय?"

त्या बुरुजावर हा वाद मिटला नाही आणि तो मिटवण्याची कोणाला घाईही नव्हती. सूर्य कलू लागला होता, चौविहाराची वेळ जवळ आली होती, म्हणून चौघे खाली उतरले.

आजचे दीव

१९ डिसेंबर १९६१ रोजी दीव मुक्त झाले. १९८७ मध्ये गोवा वेगळे राज्य झाले तेव्हा दमण आणि दीव केंद्रशासित राहिले. २०२० मध्ये दादरा-नगर हवेलीसह एकच प्रदेश झाला. शहरातील अनेक घरांना कुलूप दिसते. मोझांबिकला गेलेली येथील कुटुंबे पुढे पोर्तुगालला स्थिरावली. १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येत असल्याने नवी पिढीही लिस्बनकडे जाते, आणि २०२० पर्यंत इंग्लंडकडेही जात असे. सणासुदीला किंवा लग्नसराईत ही कुलुपे उघडतात.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी माहिती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. गुजरातमधील मद्यबंदीमुळे शनिवार-रविवारी येथे मद्यासाठी येणाऱ्यांची गर्दी होते, म्हणून कुटुंबासह जाताना आठवड्याचे मधले दिवस निवडावेत. अजाहरा तीर्थावर धर्मशाळा आणि भोजनशाळा आहे. तेथे मुक्काम ठेवून दिवसा दीव पाहून परतणे सोयीचे. किल्ल्यासाठी अर्धा दिवस, जुन्या शहराच्या गल्ल्यांसाठी अर्धा दिवस ठेवावा. चक्रतीर्थाच्या बाजूला खुकरी स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात बुडालेल्या या युद्धनौकेसह कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आणि १९० हून अधिक अधिकारी-नौसैनिक गेले. तेथे अवश्य थांबावे. परतीसाठी कोडीनारवरून सोमनाथ-वेरावळचा रस्ता चांगला पडतो.

दीवहून निघण्याच्या सकाळी शेठनी मुलाला दूरध्वनी केला. नोटीस पाठवू नकोस, आधी मी स्वतः जाऊन येतो, असे सांगितले. करसल्लागारांनी मोटारीत बसता बसता म्हटले, "जा, पण येताना त्याच्या सहीची येणे-बाकीची लेखी कबुली घेऊन ये. मुदत संपण्याआधी ती घेतलीस तर सहीच्या दिवसापासून पुन्हा तीन वर्षे मिळतात. सोमचंद शेठांना मुदतीचा कायदा नव्हता." शेठ हसले आणि त्यांनी ते मान्य केले.

पुढच्या आठवड्यात ते त्या गावी गेले. दुकान उघडे होते, पण निम्मी कपाटे रिकामी होती. पत्नीच्या दोन वर्षांच्या आजारपणात भांडवल गेले होते आणि ते सांगण्याची त्या गृहस्थांना लाज वाटत होती. कबुलीपत्रावर सही झाली, हप्ते ठरले, व्याज शेठनी सोडले. नवा माल मात्र रोखीनेच द्यायचा, हेही ठरले. आजवर तीन हप्ते आले आहेत. तिसरा बारा दिवस उशिरा आला, पण तो उशिरा येणार हे दुकानदाराने आधी दूरध्वनी करून कळवले होते.